एक गोळी, दोन व्याधी



जुना जालन्यातील आपल्या रुग्णालयाच्या औषध खिडकीवर एक शंका अधूनमधून ऐकू येते. वडिलांच्या कंपवातासाठी आलेला मुलगा आणि अपत्यप्राप्तीसाठी उपचार घेणारी सून यांच्या हाती कधी कधी एकाच औषधाची पाकिटे पडतात. ‘आमची चिठ्ठी तर बदलली नाही ना?’ असे दोघेही विचारतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर, वैद्य नव्हे. तरीही डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते येथे मांडीत आहे.

मेंदूतील एका पेशीचा निरोप दुसरीस पोहोचविणाऱ्या रसायनांपैकी एक म्हणजे डोपामाइन. त्याचे महत्त्व १९५० च्या दशकात दाखवून देणारे स्वीडनचे आर्विद कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले. या रसायनाकडे अनेक कामे आहेत. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाची. पहिले, हालचालींवर नियंत्रण. ते तयार करणाऱ्या पेशी झिजल्या की हात थरथरतो, अंग ताठरते, पाऊल अडखळते, हाच कंपवात. दुसरे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकावर लगाम ठेवणे. हा लगाम सुटला, अथवा ग्रंथीत लहानशी, बहुधा कर्करोगाची नसलेली गाठ झाली, की प्रोलॅक्टिन वाढते. मग मासिक पाळी थांबते, बाळंतपण नसताना दूध येते, गर्भ राहत नाही. पुरुषांतही हा विकार होतो. यात त्या सुनेचा दोष काय?

डोपामाइन बाहेरून दिले तरी ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून लेव्होडोपा हे औषध दिले जाते, ज्याचे मेंदूत डोपामाइन होते. किंवा डोपामाइनच्या जागी बसून त्याचेच काम करणारी औषधे दिली जातात. ब्रोमोक्रिप्टीन हे अशा औषधांपैकी जुने. त्याचे मूळ आपल्या शेतकऱ्यांना ओळखीचे वाटेल. बाजरीच्या कणसावर पडणारा चिकट अरगट रोग सर्वांस ठाऊक आहे. त्यासाठीच पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारे काढून टाकतात. युरोपातील राय या धान्यावर त्याच कुळातील बुरशी पडते. तिच्यातील विषारी द्रव्यात फेरबदल करून हे औषध सिद्ध झाले आणि १९७० च्या दशकात दोन्ही व्याधींत वापरात आले. आज प्रोलॅक्टिनसाठी बहुधा आठवड्यातून १ किंवा २ वेळा घ्यावयाचे कॅबरगोलीन दिले जाते. पुष्कळ रुग्णांत गोळ्यांनीच गाठ आकसते आणि शस्त्रक्रिया टळते. कंपवातात मात्र झिजलेल्या पेशी परत येत नाहीत. औषध केवळ हालचाल सुकर करते.

नाव एक असले तरी मात्रा, कालावधी आणि तपासण्या निरनिराळ्या असतात. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्या कामाची नाही. प्रोलॅक्टिन वाढण्यास थायरॉइडचा विकार किंवा अन्य औषधेही कारणीभूत असू शकतात. ते आधी पाहावे लागते. आप्तांनी पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात :

• गोळी जेवणासोबत द्यावी. मळमळ व उभे राहताना चक्कर येऊ शकते. रुग्णास सावकाश उठवावे.
• अतिझोप, भास, जुगाराचा किंवा खर्चाचा अनावर नाद दिसल्यास संकोच न करता सांगावे. तो स्वभावदोष नसून औषधाचा परिणाम असू शकतो.
• कॅबरगोलीन मोठ्या मात्रेत दीर्घकाळ चालू असल्यास हृदयाच्या झडपांची तपासणी करावी लागते.
• उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड या औषधाने कंपवात बळावतो. अन्य दवाखान्यात जाताना चिठ्ठी सोबत न्यावी.
• खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपाच असतो. तिचे चूर्ण घेत असल्यास डॉक्टरांस सांगावे.
• गर्भ राहिल्याचे कळताच डॉक्टरांची भेट घ्यावी.
• औषध आपण होऊन बंद करू नये. कंपवातात ते एकाएकी थांबल्यास तीव्र ताठरपणा व ताप येऊन जीवावर बेतू शकते.

या शेवटच्या सूचनेपाशी देणगीदारांचा संबंध येतो. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो. या गोळ्यांचा दरमहा, वर्षानुवर्षे. हंगाम बुडाला की घरातील पहिली काटकसर म्हाताऱ्याच्या औषधात होते, आणि सुनेच्या उपचारांत तर त्याहूनही आधी. नव्या यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, गोळीच्या पाकिटावर नाही. तरीही महिन्याचे पाकीट वेळेवर मिळाल्याने एखादे आजोबा स्वतःच्या हाताने घास घेऊ शकले, तर तेही दानाचे फळच होय. दीर्घकालीन औषधांसाठी दिलेली लहानशी नियमित देणगीही आम्हांस मोलाची वाटते.