वहीतले शेरे

आमच्या उरणच्या बचत गटात पैशांसोबत पुस्तकंही फिरतात. वाचून झालं की वहीत दोन ओळींचा शेरा लिहायचा, एवढाच नियम.

वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’वर एकीने लिहिलं, ‘आता भुईमुगाची टरफलं फेकवत नाहीत!’ सुनीताबाई देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’वरून मात्र जुंपलीच. ‘पुलंसारखा नवरा असताना घरातलं चव्हाट्यावर कशाला आणायचं?’ असं एकीचं मत. तिच्याच खाली दुसरीने लिहिलं, ‘मग आपण बोलायचंच नाही का?’ दोन्ही शेरे मी तसेच ठेवलेत.

पण खरा शेरा वहीत नाहीच. करंजाच्या एका मावशींना त्यांची सून रोज रात्री लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवायची. मासळी विकून दमलेल्या मावशी एकदा म्हणाल्या, “ही बाय लगीन झाल्यावं शिकली ना? न् येवढा मोठा बुक लिवला! मंग मना कोन शिकवील?”

मला उत्तरच सुचेना. मी बी. ए. झालेली, समाजसेवा करणारी. सहा वर्षं दर महिन्याला त्यांचा अंगठा रजिस्टरवर घेत होते, पण पाटी पुढे करावी असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

आता दुपारी आम्ही दोघी बसतो. ‘म’ अजून वाकडा येतो. वहीत त्यांच्यासाठी एक पान मात्र कोरं ठेवलंय.

तुमच्या गटात कोण अंगठा देतं? जरा बघा ना!