वॉर्डातल्या रंगीत बादल्या

मी सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे. ड्रेसिंगची ट्रॉली फिरते तेव्हा माझा एक डोळा जखमेवर असतो, दुसरा बादल्यांवर. रक्ता-पुवाचा कापूस पिवळ्या पिशवीत जातो आणि तो भट्टीत जाळतात. सलाइनची नळी, कॅथेटर, हातमोजे लाल पिशवीत. ते निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला पाठवतात. हीच नळी पिवळ्या पिशवीत पडली, तर पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. फुटक्या कुप्यांसाठी निळं खोकं.

मला खरी धास्ती सुईची. तिला टोपण परत लावायचं नाही. कटरने तोडून लगेच पांढऱ्या, टणक डब्यात टाकायची. 2009 साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्या, हेपॅटायटिस बी पसरला, माणसं दगावली. रुग्णालयातल्या कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी पिशव्यांवर बारकोड आणला आणि कचरा साठवण्याची 48 तासांची जुनी मर्यादा कायम ठेवली. कचरा हाताळणाऱ्यांना हेपॅटायटिस बीची लस देणंही सक्तीचं केलं. नवीन मावशी कामाला आल्या की मी पहिलं हेच विचारते, "मावशी, लशीचे डोस पूर्ण झालेत ना?" या लशीत टाळाटाळ मला अजिबात खपत नाही.

पेशंटला भेटायला याल तेव्हा केळ्याची साल पिवळ्या बादलीत टाकू नका. घरी इन्सुलिन घेत असाल, तर सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट लावा आणि बाटली वेगळी द्या. घंटागाडीवरचा माणूस कचरा अनेकदा उघड्या हातांनीच निवडतो.