गोचिडीचा ताप : ओल्ड लाइम ते अकोला

गोचीड चावून होणारा लाइम आजार वऱ्हाडात होतो का? दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न आता नवलाचा राहिलेला नाही. पोरं न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकटला नोकरीला असतात. आई-वडील सहा महिने तिकडं राहून येतात आणि ‘घराच्या अंगणातल्या गवतात बसू देत नाहीत’ अशी तक्रार घेऊन परततात. पोरांचं चुकत नाही. अमेरिकेत दरवर्षी सुमारे पावणेपाच लाख लोकांवर लाइमचे उपचार होतात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे, आणि ही तिन्ही राज्यं त्या आजाराच्या ऐन पट्ट्यात येतात.

दर्यापूरपुरतं उत्तर मात्र ‘नाही’ असंच द्यावं लागेल. लाइमचा जिवाणू वाहणारी इक्सोडिस जातीची गोचीड गार, दमट रानात जगते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला मे महिना तिला सोसणारा नाही. भारतात या आजाराच्या खुणा सापडल्या त्या ईशान्येत, हिमालयाच्या पट्ट्यात आणि कर्नाटकातल्या बंदीपूर-नागरहोळेच्या जंगलात. पण गोचिडीचाच दुसरा एक ताप आपल्या गोठ्याजवळ आणि ओसरीवरच्या कुत्र्याच्या कानात मुक्कामाला आहे. या दोन तापांची गाठ विज्ञानाच्या इतिहासात एकदा मोठ्या विलक्षण रीतीनं पडलेली आहे.

कनेक्टिकटमध्ये लाइम आणि ओल्ड लाइम ही शेजारशेजारची गावं. १९७५च्या सुमारास तिथल्या पॉली मरे या बाई घरातल्यांची आणि शेजारपाजारच्या पोरांची दुखणी टिपून ठेवत होत्या. कोणाचा गुडघा सुजलेला, कोणाच्या अंगावर चकंदळ, कोणाला न संपणारा थकवा. डॉक्टरांनी त्यांना मनाचे खेळ म्हणून वाटेला लावलं होतं. शेवटी आरोग्य खात्यानं दखल घेतली आणि येल विद्यापीठातले तरुण संधिवाततज्ज्ञ ॲलन स्टीअर यांनी तपास केला. १९७७ साली त्यांनी ५१ रुग्णांची हकीगत छापली. त्यातली ३९ मुलं होती. मुलांचा संधिवात हा तसा क्वचित आढळणारा आजार; तो एका रस्त्यावरच्या घराघरांत निघतो म्हटल्यावर संसर्गाचाच संशय येणार. कारण मात्र सापडेना.

ते सापडलं १९८१मध्ये, आणि तेही भलतंच शोधताना. विली बर्गडॉर्फर हे मूळचे स्वित्झर्लंडचे, मोंटाना राज्यातल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेत गोचिडी चिरून तपासण्यात त्यांची हयात गेली. ते शोधत होते रिकेट्सिया, म्हणजे अंगावर ठिपके उठवणाऱ्या गोचीडतापाचा जिवाणू. न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिडींच्या आतड्यात त्यांना दिसले वेगळेच, मळसूत्री पिळाचे जिवाणू. तेच लाइमचे. पुढं त्यांना बर्गडॉर्फर यांचंच नाव मिळालं : बोरेलिया बर्गडॉर्फेरी. ज्या तापाच्या शोधात लाइमचा जिवाणू हाती लागला, त्याच जातीचा ताप वऱ्हाडात आहे.

बोरेलिया हा मोठा हिकमती जीव. बहुतेक जिवाणूंना जगायला लोह लागतं, आणि आपलं शरीर संसर्ग झाला की लोह लपवून त्यांची उपासमार करतं. बोरेलियानं लोहावाचून जगायची सोय करून घेतली आहे. तो मँगनीजवर भागवतो. उपाशी गोचिडीच्या आतड्यात तो स्वस्थ पडून असतो. ताजं, कोमट रक्त येऊ लागलं की अंगावरच्या आवरणातली प्रथिनं बदलतो, आतडं सोडतो आणि लाळग्रंथी गाठतो. या प्रवासाला साधारण दीड दिवस लागतो. म्हणून अमेरिकेत रोज संध्याकाळी पोरांचं अंग तपासायचा नेम आहे : चिकटलेली गोचीड पहिल्या दिवशीच निघाली तर आजार बहुधा टळतो. अडचण एवढीच की आजार देणारी पिल्लू-गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते.

चावल्यानंतर काही दिवसांत लाल चट्टा उठतो आणि पसरत जातो. शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणांना तो दिसतो, बाकीच्यांना नाही. त्या वेळी दोन-तीन आठवडे गोळ्या घेतल्या की बहुतेक रुग्ण खडखडीत बरे होतात. नाही घेतल्या तर जिवाणू रक्तातून फिरतो. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, क्वचित हृदयाच्या ठोक्यांत अडथळा येतो आणि काही महिन्यांनी गुडघा टम्म फुगतो.

खरा वाद आहे तो यानंतरच्या दुखण्याचा. औषध पूर्ण घेऊनही शंभरातल्या पाच-दहा जणांचा थकवा, अंगदुखी, विसराळूपणा महिनोन्‌महिने जात नाही. जिवाणू लपून बसलाय म्हणून वर्षवर्ष प्रतिजैविकं देणारे दवाखाने तिकडं निघाले. अमेरिकेत २००१ साली आणि नेदरलँड्समध्ये २०१६ साली छापून आलेल्या चाचण्यांत मात्र लांबवलेल्या औषधाचा फायदा दिसला नाही. शिरेतून महिनोन्‌महिने दिल्या जाणाऱ्या औषधांनी काहींचं नुकसानच झालं आहे. २०१९मध्ये एक धागा हाती आला. लाइमनं सुजलेल्या सांध्यांच्या पाण्यात मेलेल्या जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे उरलेले सापडले, आणि शरीर त्यांच्याशीच लढत राहतं. दुखणं खरं आहे, पण त्यावरचं औषध म्हणजे आणखी प्रतिजैविकं नव्हे, हे दोन्ही एकदम मान्य करायला डॉक्टरांना आणि रुग्णांना जड जातं.

आता आपल्या इकडं या. दूध काढायच्या आधी बाई म्हशीच्या कासेवरून, शेपटीखालून, कानातून हात फिरवते. फुगलेली गोचीड बोटाला लागली की उपटून शेजारच्या रॉकेलच्या डब्यात टाकते, नाही तर नखानं चिरडते. डबा ठीक, नख वाईट. चिरडलेल्या गोचिडीतला जिवाणू बोटावरच्या चिरेतून आत जाऊ शकतो. जळती काडी लावणं, तेल ओतणं हेही नको. चिमट्यानं कातडीलगत धरावी, सरळ ओढावी आणि हात साबणानं धुवावेत.

गोचीड कीटक नव्हे. आठ पायांची, कोळी-विंचवाच्या कुळातली. पुढच्या पायांच्या टोकाला तिला वास घेणारा खळगा असतो, आणि जनावराच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला त्यातून कळतो. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारी आणि कातडी बधिर करणारी द्रव्यं असतात, म्हणून चावलेलं समजत नाही. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड तर गवतावाचूनही राहते. भिंतीच्या फटीत अंडी घालते, तीही हजारांनी. रिकेट्सिया त्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. म्हणजे आजारी जनावर मध्ये नसतानाही गोचीड पिढ्यान्‌पिढ्या ताप सांभाळून ठेवते. बोरेलियाला हे सहसा साधत नाही.

‘डॉक्टर, पोराले चार दिवसापासून ताप हाये’ म्हणत दर्यापूरकडची माणसं अकोल्याची गाडी धरतात. तिथले बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी यांनी या तापाचा माग काढला. पोराच्या अंगावर पुरळ, पाय सुजलेले. गोवर म्हणावं तर गोवर नाही, डेंग्यू म्हणावं तर डेंग्यू नाही. घरी ‘माता आली’ म्हणून कडुनिंबाचा पाला बांधून मोकळे झालेले. २०११ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘इंडियन पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात या तापासाठी गुणांची पद्धत मांडली. घर खेड्यात आहे का, पाळीव जनावर आहे का, गोचीड चावली का, पुरळ तापानंतर दोन ते चार दिवसांत आलं का, तळहात-तळपायांवर आहे का, डोळे लाल पण चिपडं नाहीत असं आहे का, अशा खुणांना गुण. त्यांच्या जोडीला प्लेटलेट, सोडियम, यकृताच्या साध्या तपासण्या. एकूण ३५, आणि १४ किंवा त्याहून वर गेलं की गोचीडताप समजून औषध सुरू करावं. तालुक्याच्या दवाखान्यात बसून करता येण्याजोगं हे काम आहे. वऱ्हाडातल्या या संशोधनाचं वऱ्हाडात व्हावं तेवढं कौतुक झालं नाही, असं मला वाटतं.

हे गुण का लागतात? कारण खात्रीची तपासणी वेळेवर हाती येत नाही. १९१६पासूनची स्वस्त वाइल-फेलिक्स चाचणी बोलकी होते ती दुसऱ्या आठवड्यात, आणि तोवर उशीर झालेला असू शकतो. रिकेट्सिया राहतो बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात. ते अस्तर गळू लागलं की पुरळ, सूज. रक्त अडलं की बोटांची टोकं, कानाची पाळी काळी पडते. पेनिसिलिनच्या घराण्यातली महागडी इंजेक्शनं इथं कामाची नाहीत. डॉक्सिसायक्लिन या स्वस्त गोळीनं ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. लहान मुलांचे दात पिवळे पडतील म्हणून ती द्यायला पूर्वी भीत. थोड्या दिवसांच्या औषधानं तसं होत नाही, हे आता मान्य आहे. गोळी उशिरा पोचली तर जीव वाचूनही बोट कापावं लागतं, ऐकू कमी येतं, मेंदूवर परिणाम राहतो. या तापाचे दूरगामी परिणाम बहुतेक उशिराचे असतात.

याचा भाऊबंद स्क्रब टायफस. तो गोचिडीचा नव्हे, गवतातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याच्या पिल्लाचा. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत त्यानं माणसं दगावली. निंदणाला जाणाऱ्या बाया त्याच्या वाटेवरच असतात. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली विस्तव लागल्यासारखा काळा खपलीचा डाग दिसला तर तीच त्याची सही, आणि गोळी तीच. तळकोकणातल्या माकडतापाला मात्र, जो २०१६ साली सिंधुदुर्गात पसरला, ही गोळी चालत नाही. तो विषाणूचा ताप आहे.

अमेरिकेहून परतलेल्या आई-वडिलांचा गुडघा अचानक फुगला किंवा तोंड वाकडं झालं, तर तिकडं कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात होते ते डॉक्टरांना सांगा. इथल्या पोराला चौथ्या दिवशीही ताप असेल आणि तळहातावर पुरळ दिसत असेल, तर घरात कुत्रं आहे, गोठा आहे, गोचीड काढली होती, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आधी सांगा.