जुन्या मोटारीत पुन्हा गारवा

जुन्या मोटारीचा एसी बंद पडला की बहुधा कारण एकच निघते: आतला गॅस निघून गेलेला असतो. तो कुठून गेला हे न पाहता नवा गॅस भरला, तर आठवड्याभरात गाडी पुन्हा तापू लागते आणि पैसेही वाया जातात. म्हणून या कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी तपासणी, मग गळती शोधणे, मग सुट्या भागांची दुरुस्ती आणि गॅस अगदी शेवटी. १९९५च्या आधीच्या गाड्यांत आणखी एक अडचण येते. ज्या गॅसवर त्यांची यंत्रणा बेतली होती, त्याचे उत्पादन आता थांबले आहे.

सुरुवातीचा काळ

कारखान्यातूनच एसी बसवून मिळणारी पहिली मोटार अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीची. १९४०च्या मॉडेलसाठी देऊ केलेल्या या यंत्रणेची किंमत २७४ डॉलर होती. कूलिंग कॉइल मागच्या डिकीत असे आणि थंड हवा मागच्या सीटच्या पाठीमागून येई. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, त्यामुळे एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. दोन वर्षांत कंपनीने ही सोय काढून टाकली. १९५४मध्ये नॅश कंपनीने हीटर, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा आणि एसी एकत्र करून सगळे गाडीच्या पुढच्या भागात बसवले. पुढच्या मोटारींनी हीच मांडणी उचलली. १९६४मध्ये कॅडिलॅकने तापमान आपोआप राखणारी यंत्रणा आणली.

यंत्रणेचे काम

मांडणी कोणतीही असली तरी तत्त्व एकच. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वायुरूप गॅस दाबतो, त्यामुळे तो तापतो. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेरच्या हवेत जाते आणि त्याचा द्रव होतो. हा द्रव ड्रायरमधून जातो. तिथल्या शोषक दाण्यांत ओलावा अडकतो. पुढे एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून बाहेर पडताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेतून घेतो आणि हवा गार होते. मग हा वायू पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो. गॅसबरोबर थोडे तेलही सतत फिरत असते. कॉम्प्रेसरला वंगण मिळते ते त्यातूनच, म्हणून गळतीत गॅसबरोबर तेल गेले की कॉम्प्रेसर धोक्यात येतो.

गॅस का बदलला

१९९५च्या आधीच्या गाड्यांत आर-१२ हा गॅस असे. जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९३०च्या सुमारास पुढे आणला. उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळणारा, न पेटणारा आणि विषारी नसलेला म्हणून तो सगळीकडे पसरला. १९७४मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवले की अशा वायूंतील क्लोरीन वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन ओझोनचा नाश करतो. १९८५मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट प्रसिद्ध झाली आणि १९८७मध्ये असे वायू टप्प्याटप्प्याने बंद करणारा मॉन्ट्रियल करार झाला. अमेरिकेत १९९६पासून आर-१२चे उत्पादन थांबले. भारत १९९२मध्ये करारात सामील झाला आणि विकसनशील देशांसाठी २०१० ही मुदत ठरली.

त्याच्या जागी मोटारींत आर-१३४ए आला. त्यात क्लोरीन नाही, पण पृथ्वी तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त आहे. म्हणून नव्या गाड्या आता आर-१२३४वायएफकडे वळल्या आहेत. जुन्या मोटारीच्या मालकापुढे व्यवहारात दोनच मार्ग उरतात: जुन्या साठ्यातला महाग आर-१२ मिळवणे किंवा यंत्रणा आर-१३४एसाठी बदलून घेणे.

गळतीचा शोध

पहिली तपासणी डोळ्यांनी होते. तेल गॅसबरोबर बाहेर येते, त्यामुळे जिथे तेलकट धूळ साचलेली दिसते तिथे गळती असण्याची शक्यता मोठी. कॉम्प्रेसरच्या समोरच्या शाफ्टचे सील झिजले असेल, तर फिरणारा क्लच तेल भिरकावतो आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलाचा सरळ पट्टा उमटतो. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की हे सील कोरडे पडते आणि गळू लागते. पाइपांचे सांधे, ओ-रिंग आणि दगड लागून खचलेला कंडेन्सर ही पुढची संशयास्पद ठिकाणे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचे भाग लवकर सडतात, त्यामुळे मुंबई किंवा कोकणात राहिलेल्या गाडीचा कंडेन्सर विशेष काळजीने पाहावा लागतो.

यानंतर यंत्रणेत कोरडा नायट्रोजन भरून सांध्यांना साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे आले की जागा सापडली. बारीक गळतीसाठी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर किंवा अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग वापरतात. पूर्वी हे काम ज्योतीच्या दिव्याने होई, पण आर-१२ ज्योतीच्या संपर्कात आला की विषारी वायू तयार होतात. यंत्रणेत शिल्लक असलेला आर-१२ हवेत सोडणे अमेरिकेत १९९२पासून गुन्हा आहे. तो मशिनने काढून घ्यायचा असतो.

बदलायचे भाग

गॅस बदलला की तेलही बदलावे लागते. आर-१२बरोबर खनिज तेल फिरत असे. आर-१३४ए त्यात विरघळत नाही, त्यामुळे तेल कॉइलमध्ये साचून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. कॉम्प्रेसर उतरवून जुने तेल निथळवतात, कॉइल आणि पाइप फ्लश करतात आणि एस्टर किंवा पीएजी तेल मोजून घालतात. एस्टर तेल जुन्या तेलाचे थोडे अवशेष चालवून घेते, म्हणून अशा कामात बरेच कारागीर तेच निवडतात. पीएजी हवेतला ओलावा झपाट्याने शोषते. त्याचा डबा उघडा ठेवून चालत नाही.

ड्रायर नवाच घालावा लागतो. जुना ड्रायर ओलाव्याने भरलेला असतो आणि त्यातले दाणे नव्या गॅसला योग्य असतीलच असे नाही. सगळ्या ओ-रिंग बदलतात, आणि आतून थर असलेले बॅरिअर होज पाइप घातले तर गॅस झिरपून जात नाही. गॅस भरायची तोंडे आर-१३४एसाठी वेगळ्या मापाची लावतात. बॉनेटखाली तशी पट्टी चिकटवली म्हणजे पुढचा मेकॅनिक चुकून दुसरा गॅस भरत नाही. घरगुती एसीचा आर-२२ तर कधीच भरू नये, कारण गरम हवेत त्याचा दाब खूपच जास्त चढतो. स्वयंपाकाच्या गॅससारखे पेटणारे वायूही कुठे कुठे भरतात. कूलिंग कॉइल गळू लागली तर तो वायू थेट प्रवाशांपर्यंत येतो.

एक नमुना: साठ-सत्तरच्या दशकांतील जनरल मोटर्स

जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागाचा ए-६ कॉम्प्रेसर या गाड्यांत १९६२पासून दिसतो. दोन्ही टोकांनी काम करणारे तीन पिस्टन तिरक्या तबकडीने पुढेमागे होतात. वजन सुमारे १६ किलो. तो मजबूत असतो, म्हणून ताकद शिल्लक असेल तर सील आणि बेअरिंग बदलून वाचवता येतो. सँडेनसारखा नव्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुमारे निम्म्या वजनाचा असतो, पण ब्रॅकेट बदलावे लागते आणि इंजिनचे मूळ रूप जाते.

यातील बऱ्याच गाड्यांत एसी चालू असेपर्यंत क्लच जोडलेलाच राही आणि कॉइल गोठू नये म्हणून पीओए व्हॉल्व्ह दाब राखे. आर-१२चे तापमान शून्य अंशाला साधारण ३० पीएसआय दाबावर येते, आणि व्हॉल्व्ह तसाच बेतलेला. आर-१३४एला शून्य अंशासाठी सुमारे २८ पीएसआय लागतो. व्हॉल्व्ह जसाच्या तसा ठेवला तर कॉइल दीडएक अंश गरम राहते, म्हणून त्याची मांडणी दोन-तीन पीएसआयने खाली आणतात. १९७०च्या दशकातील गाड्यांत कॉम्प्रेसरच्या मागे एक स्विच असतो. गॅस कमी झाला की तो एक थर्मल फ्यूज उडवतो आणि क्लच थांबतो. फक्त फ्यूज बदलून एसी चालू केला तर कोरडा कॉम्प्रेसर जळू शकतो.

व्हॅक्यूम आणि गॅस भरणे

सगळे जोडून झाले की व्हॅक्यूम पंप लावतात. पाऱ्याच्या सुमारे २९ इंचांपर्यंत व्हॅक्यूम गेला की पाणी २५ अंशांनाही उकळते आणि वाफ होऊन बाहेर ओढले जाते. ओलावा राहिला तर तो एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो, शिवाय गॅस आणि तेलाशी मिळून आम्ल तयार करतो. पंप किमान अर्धा-पाऊण तास चालवून बंद करतात आणि काटा तिथेच टिकतो का ते पाहतात. काटा घसरला, की गळती किंवा ओलावा शिल्लक आहे.

आर-१३४ए मूळ मापाच्या ८० ते ९० टक्केच भरतात. १.७ किलो आर-१२ घेणाऱ्या मोठ्या गाडीत सुरुवात सुमारे १.३५ किलोपासून होते. वजनकाट्यावर मोजून, गेजवर नजर ठेवून, थोडा थोडा गॅस सोडतात. जास्त भरला तर दाब चढतो आणि कूलिंग उलट कमी होते.

उन्हात आर-१३४एचा दाब आर-१२पेक्षा जास्त चढतो. ६० अंशांना तो जवळपास दहा टक्के अधिक असतो. त्यामुळे पंखा आणि कंडेन्सर ही जोडी महत्त्वाची. पंख्याचा क्लच तपासणे, कंडेन्सर आणि रेडिएटरमधली फट फोमने बुजवणे, दाट नळ्यांचा पॅरलल-फ्लो कंडेन्सर लावणे, याने सिग्नलला उभ्या गाडीतही गारवा टिकतो. हीटरचा व्हॉल्व्ह गळत असेल तर गरम पाणी आतली हवा तापवत राहते. दारांचे रबर, कॉइलवरची पाने आणि पाणी जाण्याची नळीही याच वेळी साफ करून घ्यावी लागते. दमट हवेत कॉइलवर बरेच पाणी जमते आणि नळी तुंबली तर ते पायाशी उतरते.

छोट्या गाड्या आणि देखभाल

भारतात अॅम्बेसेडर आणि पद्मिनीत एसी बहुधा बाहेरून, डॅशबोर्डखाली बसवलेला असे. छोट्या इंजिनची ताकद कॉम्प्रेसर खातो, म्हणून एसी लागताच आयडल वाढवण्याची सोय, दुरुस्त रेडिएटर आणि दमदार अल्टरनेटर आधी हवा. तिथेही दुरुस्तीचा क्रम हाच.

दुरुस्तीनंतरची निगा सोपी आहे. हिवाळ्यातही महिन्यातून दहा मिनिटे एसी चालवायचा, म्हणजे तेल फिरते आणि सील ओले राहते. वर्षातून एकदा गेजवरचा दाब, पट्टा आणि सांधे तपासायचे. गारवा कमी वाटला तर गॅस भरण्याआधी गळती शोधायची.