समुद्रकिनारी श्वान आणि श्रावकाचा यत्नाचार

दिवाळीची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याकडील अनेक कुटुंबे रायगडच्या किनाऱ्याकडे वळतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली आणि घरच्या कुत्र्यालाही सोबत नेणे सोपे झाले. किहीम, वरसोली, नागाव, काशीद, दिवेआगर येथील पुळणींवर आता माणसांबरोबर कुत्रीही लाटांत खेळताना दिसतात. हे दृश्य मोठे आनंदाचे. मात्र त्या आनंदात एक जबाबदारी दडलेली आहे. माणूस भरती-ओहोटी विचारून पाण्यात उतरतो. कुत्रा मालकाकडे पाहून उतरतो.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या मुळाशी प्रमाद असल्याचे सांगितले आहे. समुद्रावर पाळीव प्राण्यांना होणारी इजा क्वचितच क्रौर्यातून होते. ती बहुधा बेसावधपणातूनच घडते. म्हणूनच अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार श्रावकाला टाळायला सांगितले आहेत, म्हणजे बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध, त्यांतील बहुतेकांचा विचार या वाळूवरही उपयोगी पडतो.

तिथी पाहून समुद्राकडे

अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या घराला समुद्राचे गणित शिकणे अवघड नाही. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सौम्य भरती असते. चतुर्दशीपासून पौर्णिमा-अमावस्येच्या पुढे एक-दोन दिवसांपर्यंत उधाण असते. मोठ्या उधाणात या किनाऱ्यावर भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते, आणि जेवढे पाणी चढते तेवढेच वेगाने ओसरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ कळते, असा कोकणातील जुना हिशेब आहे. त्यानुसार चतुर्थीला सुमारे ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, तर पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती पूर्ण होते. त्यानंतर साधारण सहा तास ओहोटी चालते. नेमकी वेळ मात्र भरतीच्या तक्त्यात पाहावी किंवा स्थानिक कोळी बांधवांना विचारावी.

ओहोटी लागलेली असताना कुत्र्याला पोहायला सोडू नये, कारण तेव्हा पाण्याची ओढ समुद्राच्या दिशेने असते. रेवदंड्याजवळ कुंडलिकेच्या मुखाशी, किंवा जेथे जेथे खाडी समुद्राला मिळते तेथे, ही ओढ अधिक. हरिहरेश्वरच्या खडकांवर लाट अचानक उसळते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. परंतु परतीला उशीर झाला तर वाट पाण्याखाली जाते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हा पावसाळा नव्हता. पावसाळ्यात तर कुत्र्याला पाण्यात नेण्याचा विचारच करू नये.

बंध: रक्षणाचा आणि जाचाचा

प्राण्याला बांधणे हा अतिचार, मग पट्टा लावावा की नाही? श्रावकाचाराच्या टीकाकारांनी याचा सूक्ष्म विचार केला आहे. निर्दयपणे आवळून बांधणे हा निरपेक्ष बंध. रक्षणासाठी सैल बांधणे, आणि आग लागण्यासारख्या संकटात चटकन सोडवता येईल असे बांधणे, हा सापेक्ष बंध. पाण्यातही कसोटी हीच. गळ्यातील साखळी किंवा आवळणारा पट्टा काढून टाकावा. तो दोरीत, जाळ्यात वा खडकात अडकतो. त्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा आणि कुत्र्यांसाठीचे लाइफ जॅकेट घालावे. जॅकेटच्या पाठीवर उचलण्यासाठी मूठ असावी, बंद एका दाबात उघडणारे असावेत आणि अंग व जॅकेट यांमध्ये दोन बोटे सहज शिरावीत. सहलीपूर्वी ते घरीच काही दिवस घालून सवय करावी.

शक्तीपेक्षा अधिक भार

प्रत्येक कुत्र्याला पोहता येते, हा समज चुकीचा आहे. लॅब्रेडॉर पाण्यात रमतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मात्र पाण्यात श्वास घेणे जड जाते. आखूड पायांचा डॅशहंड लवकर थकतो. पिल्ले, वृद्ध आणि हृदयविकार असलेली कुत्री यांनी पाय भिजवण्यावर समाधान मानावे.

पट्टीचा पोहणारा कुत्राही मालकाने फेकलेला चेंडू आणण्यासाठी दम संपेपर्यंत पोहत राहतो. आपण थकलो हे तो सांगत नाही, त्याचे शरीर सांगते: मागचा भाग बुडू लागतो, पुढचे पाय पाण्यावर आपटू लागतात, मान खाली येते. ही लक्षणे दिसण्यापूर्वीच, पाच-दहा मिनिटांनी, त्याला बाहेर बोलवावे. घाबरणाऱ्या कुत्र्याला उचलून पाण्यात टाकणे, आणि तेही छायाचित्रासाठी, हा तर उघड छळ होय.

पिण्याचे पाणी

तहानलेला कुत्रा समुद्राचे पाणी पितो. चेंडू तोंडात धरून पोहतानाही ते पोटात जाते. त्यातील मिठामुळे उलट्या, जुलाब, अंगाला कंप आणि गंभीर स्थितीत झटके येऊ शकतात. गोडे पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे ठेवावे. अन्नपाननिरोध टाळण्याचा हा सोपा मार्ग. दुपारी तापलेल्या काळसर वाळूने पंजे भाजतात, म्हणून सकाळची वा सायंकाळची वेळ निवडावी. वाळूत पडलेले गळ, जाळ्यांचे तुकडे आणि मेलेले मासे यांपासून त्याला दूर ठेवावे. केंड मासा मेलेला असला तरी विषारी असतो.

इतर जीवांचेही भान

हरिहरेश्वर, दिवेआगर, श्रीवर्धन परिसरात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यासाठी येतात. मोकळा कुत्रा ती घरटी उकरतो. विणीच्या काळात या किनाऱ्यांवर त्याला दोरीशिवाय सोडू नये. एका जीवाचा खेळ दुसऱ्याच्या घातास कारण होता कामा नये.

प्रसंग ओढवलाच तर

कुत्रा ओढीत सापडल्यास त्याच्यामागे उडी घेऊ नये. किनाऱ्याला समांतर चालत त्याला हाका माराव्यात, जीवरक्षकाला बोलवावे, ११२ वर कळवावे. बाहेर काढल्यावर तो बेशुद्ध असेल तर कुशीवर निजवून जीभ पुढे ओढावी व तोंडातील वाळू काढावी. श्वास थांबला असल्यास छातीच्या रुंद भागावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब द्यावेत, मग तोंड मिटून नाकपुड्यांतून दोन फुंकर घालाव्यात, आणि हा क्रम चालू ठेवावा. तो शुद्धीवर आला, चालू लागला, तरी पशुवैद्याकडे न्यावेच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही उद्भवतो. जवळच्या पशुवैद्याचा क्रमांक निघण्यापूर्वीच टिपून ठेवावा.

जीवंधरकुमाराने मरणासन्न श्वानाला णमोकार मंत्र ऐकवला आणि तो श्वान यक्षदेव झाला, ही कथा आपल्या घराघरांत मुलांना सांगितली जाते. त्या कथेतील करुणा संकटकाळी प्रकटली. आपल्याला ती संकटापूर्वी दाखवण्याची संधी असते: तक्ता पाहून, पाण्याची बाटली घेऊन, जॅकेटचे बंद तपासून. परतताना गोड्या पाण्याने त्याच्या अंगावरील मीठ धुवावे, लोंबते कान कोरडे करावेत आणि पंजे एकदा निरखून पाहावेत.