जुन्या रिव्हॉल्व्हरचा मोह

२०२४ साली आम्हा परवानाधारकांना एटापल्लीच्या पोलीस ठाण्याची पायरी दोनदा चढावी लागली. एकदा लोकसभेच्या वेळी, दुसऱ्यांदा विधानसभेच्या. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात. ज्याचं त्यानं फडक्यात गुंडाळून आणायचं, नंबर तपासून घ्यायचा, पावती घ्यायची आणि निकालानंतर परत न्यायचं. आमच्या तालुक्यात अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे त्या बाकावर बसलं की ओळखीचेच चेहरे भेटतात आणि विषय निघायचा तो निघतोच.

त्या नोव्हेंबरमध्ये माझ्या शेजारी एक तरुण कंत्राटदार बसला होता. त्याचं रिव्हॉल्व्हर अगदी नवं, कानपूरचं. पलीकडे एक वयस्कर गृहस्थ, त्यांच्याकडचं जुनं, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचं. तरुणानं त्याचं रिव्हॉल्व्हर उघडून दाखवलं, तशी म्हाताऱ्यानं मान फिरवली. म्हणाला, "हे काय उघडणं झालं? खिडकीच्या दारासारखं!" हवालदारसाहेब हसले, पण तो हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हता. त्या "खिडकीच्या दारा"त शंभर-सव्वाशे वर्षांचं भांडण भरलेलं आहे. ते आज सांगायचं आहे.

आधी जुनी पद्धत. जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर मानेपाशी मोडतं. घोड्याजवळची कडी अंगठ्यानं दाबायची, नळी खाली झुकवायची, की गोळ्यांचं चक्र वर येतं आणि मधली चांदणी सगळी रिकामी काडतुसं एका झटक्यात उचलून बाहेर टाकते. इंग्लंडच्या वेब्ली कंपनीनं ही रचना लष्करात आणि पोलिसांत रुळवली. आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यानं पुढे ३२ बोअरचं जे रिव्हॉल्व्हर काढलं, तेही वेब्लीच्या मार्क चार या नमुन्यावरच बेतलेलं. ३२ बोअरच का, असं कुणी विचारेल. ३८ आणि ४५५ ही लष्करी मापं, ती आपल्या कायद्यात सामान्य नागरिकाला बंद आहेत. म्हणून भारतातला रिव्हॉल्व्हरवाला म्हणजे बहुतेक करून ३२ वाला. त्याची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात होतात. बुडावर 'केएफ' ही इंग्रजी अक्षरं असतात, ती किर्की फॅक्टरीची. एटापल्लीच्या माणसाच्या कपाटातली गोळी खडकीची असते, हे मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळलं.

आता नवी पद्धत. ती खरं तर नवी नाहीच. अमेरिकेत कोल्ट कंपनीनं १८८९ मध्ये आणि स्मिथ अँड वेसननं १८९६ मध्ये चक्र डाव्या बाजूला बाहेर झुलणारी रिव्हॉल्व्हरं काढली. सांगाडा अखंड राहतो, नळी कुठे मोडत नाही, म्हणून जास्त जोराची काडतुसं त्याला सोसतात. मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची सगळी मदार त्या एका कडीवर आणि एका बिजागरीवर. वर्षानुवर्षं वापरून ती सैल झाली की नळी आणि चक्र यांची रेघ चुकते. जगानं बाजूला उघडणारी रचना कधीच स्वीकारली, आपण मात्र वेब्लीला धरून बसलो. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीनं 'प्रबल' नावाचं बाजूला उघडणारं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. काडतुसांशिवाय वजन ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, पल्ला ५० मीटर असं कंपनीनं सांगितलं. अमेरिकेत जे १८८९ मध्ये झालं ते आपल्या परवानाधारकाच्या हाती १३४ वर्षांनी आलं. आणि आलं तेव्हा म्हाताऱ्यानं मान फिरवली!

त्याचं कारण निव्वळ हट्ट नाही. परदेशी शस्त्रांची खासगी आयात १९८०च्या दशकात बंद झाली. तेव्हापासून देशात जी विलायती रिव्हॉल्व्हरं आहेत तीच फिरतात, बापाकडून मुलाकडे, नाहीतर विक्रेत्याकडून दुसऱ्या परवानाधारकाकडे. त्यामुळे जुन्याला दागिन्याची किंमत आली. नळीवरचं ते निळसर काळं पाणी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, घोडा ओढताना होणारा टिक् असा आवाज, याच्यावर माणसं तासन् तास बोलतात. नव्याला रबराची मूठ आणि वरून रंगाचा लेप. म्हाताऱ्याच्या भाषेत, "शेतीचा पंप."

मीही त्याच पंथातला. पण माझ्या घरात एक गोष्ट घडलेली आहे, म्हणून मला पूर्णपणे त्याच्या बाजूनं बोलता येत नाही.

माझे वडील जंगलातले कूप घेत. आलापल्लीच्या सागवानाचे ते दिवस. मजुरांचा चुकारा रोख असे, रक्कम बैलगाडीतून न्यावी लागे, म्हणून वडिलांनी परवाना काढला आणि एक विलायती रिव्हॉल्व्हर घेतलं. विलायती म्हणायचं, पण इंग्लंडचं नव्हे. कुठल्या कारखान्याचं ते सांगत नाही, कारण त्या काळी अनेकांची रचना तशीच होती. मी सातवीत असेन. चुकाऱ्याच्या दिवशी काका रिव्हॉल्व्हर कमरेला लावून गाडीतून उतरत होते. चामड्याच्या म्यानाचं बटण निघालेलं. रिव्हॉल्व्हर घोड्याच्या बाजूनं दगडावर पडलं आणि उडालं. चापाला कुणाचं बोटही लागलं नव्हतं. गोळी काकांच्या घोट्यातून गेली. ते त्यानंतर तीस वर्षं जगले आणि तीसही वर्षं लंगडत चालले. सभ्य माणूस, कुणाला दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून काकूनं ते रिव्हॉल्व्हर घरात कधी डोळ्यांसमोर येऊ दिलं नाही.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. जुन्या घोड्याला पुढे एक चोच असते, ती थेट काडतुसाच्या टोपीवर आपटते. कित्येक जुन्या रचनांत घोडा पडलेला असताना ही चोच टोपीला टेकूनच बसलेली असते. बाहेरून घोड्यावर घाव बसला की काम झालं. म्हणून जाणकार माणसं सहा घरांत पाचच गोळ्या भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. आमच्या काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांनाही नव्हतं.

अमेरिकन नौदलाला हाच धडा १९४४ मध्ये मिळाला. जहाजाच्या पोलादी डेकवर रिव्हॉल्व्हर पडून उडालं आणि एक खलाशी गेला. त्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा अडवणारा तुकडा होता, पण तो दर वेळी जागेवर येईलच अशी खात्री नव्हती. कंपनीनं ती रचना तातडीनं बदलली. पुढे १९७३ मध्ये रुगर कंपनीनं आपल्या काउबॉय थाटाच्या रिव्हॉल्व्हरांत निराळा उपाय वापरला. त्यात घोडा पिनेपर्यंत पोचतच नाही. मध्ये एक छोटी पट्टी असते. चाप पूर्ण ओढला तरच ती वर येते आणि घोड्याचा घाव पिनेला पोचवते. चाप सोडला की पट्टी खाली. मग रिव्हॉल्व्हर पडो, आपटो, काही होत नाही. कल्पना रुगरची नव्हे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीनं ती वापरलेली होती. पण आता ती सर्वमान्य झाली.

याच्या पुढची गोष्ट मला फार मजेची वाटते. रुगरनं १९८२ पासून जाहीर केलं की १९७३ पूर्वीची रिव्हॉल्व्हरं आमच्याकडे पाठवा, ही पट्टी फुकट बसवून देतो. फुकट! तरी हजारो माणसांनी पाठवली नाहीत. म्हणे घोडा ओढतानाचे ते चार टिक् टिक् आवाज जातात, चापाची गोडी जाते. कंपनीही शहाणी. जे पाठवतात त्यांचे काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत देते, कारण जुने भाग सोबत असले की विकताना किंमत जास्त येते. माणूस पाय गमावण्याचा धोका पत्करेल, पण आवाज गमावणार नाही. मी हसलो नाही. माझ्याही कपाटात तेच आहे.

मात्र सगळेच बदल इतके सरळ नाहीत. २००१ नंतर स्मिथ अँड वेसननं बहुतेक रिव्हॉल्व्हरांच्या डाव्या अंगाला छोटं भोक पाडून आत कुलूप बसवलं. बारीक किल्ली फिरवली की घोडा जखडतो. घरातल्या पोराच्या हाती लागलं तरी चालणार नाही, हा हेतू. यामागे त्या वेळच्या अमेरिकन सरकारशी झालेला करार होता आणि गिऱ्हाइकांचा त्या करारावरच राग होता. पण त्यांचा एक आक्षेप मला पटतो: जोराच्या काडतुसाच्या धक्क्यानं कुलूप आपोआप लागलं तर? असं क्वचित होत असेल, पण ज्या वस्तूची गरज आयुष्यात एकदाच पडायची, तिच्यात 'क्वचित' हा शब्द बसत नाही. त्या कंपनीची काही मॉडेलं आता पुन्हा बिनकुलपाची निघू लागली आहेत. पट्टी आणि कुलूप यांत हा फरक मी करतो. पट्टी तुमच्याकडून काही मागत नाही. कुलूप तुमच्याकडून आठवण मागतं, किल्ली मागतं.

वजनाचंही तसंच. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरहून 'निर्भीक' आलं, स्त्रियांसाठी म्हणून. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं, दागिन्याच्या डबीसारख्या पेटीत घातलेलं, आणि किंमत १ लाख २२ हजारांवर. पेटीचा रंग कोणता असावा यावर विचार झाला होता, पण हलकं रिव्हॉल्व्हर हातात जास्त उसळतं हे गिऱ्हाइकाला कुणी सांगायचं? काडतूस तेच, धक्का तोच. तो पेलायला धातू कमी. जुनी जड रिव्हॉल्व्हरं हाताला शांत वाटतात त्याचं कारण एवढंच आहे, त्यात विलायती जादू काही नाही.

एका बाबतीत मात्र नव्याला आमच्या भागात तोड नाही. जून ते सप्टेंबर एटापल्लीत जो पाऊस असतो तो पाहिलेल्या माणसाला गंज म्हणजे काय हे सांगायला नको. जुनं निळं पाणी दिसायला देखणं, पण घामाचा हात लागून राहिला की दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपका. चामड्याचं म्यान तर शत्रूच. ते ओल धरून ठेवतं. मी दर आठवड्याला शिलाई मशीनचं तेल आणि जुनं धोतर घेऊन बसतो. टायटॅनियमवाला सुखानं झोपतो.

आता थोडं आमच्या मुलखाबद्दल. इथे बंदूक म्हटली की आधी आठवते ती भरमार, तोंडाकडून दारू ठासायची. पिकाच्या राखणीसाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा परवाना १९५९च्या शस्त्र कायद्यात आहेच, पण जंगलातल्या कित्येक भरमार बिनपरवान्याच्या. त्यांतल्या पुष्कळ गावकऱ्यांनी नंतर पोलिसांकडे आणून दिल्या. १९८०नंतर या जंगलात नक्षलवादी आले आणि शस्त्र जवळ असणं हेच संकट झालं. रात्री दारावर थाप पडली तर ते रिव्हॉल्व्हर तुमचं रक्षण करत नाही, तुमच्या घरी पाहुणे घेऊन येतं. आमचं रिव्हॉल्व्हर वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर आलं आणि कित्येक वर्षं ठाण्याच्या कपाटातच राहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत भूपतीनं साठ साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा मला पहिला विचार आला तो हा, की आता ते घरी ठेवायला हरकत नाही. आणि लगेच दुसरा, की आता ते ठेवायचं कशासाठी?

मी सत्तरी ओलांडली आहे. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सत्तरी झाली, किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, की हयातीतच ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. माझी मुलगी गडचिरोलीत असते. दिवाळीला आली तेव्हा मी फडकं सोडून तिच्यापुढे ठेवलं. तिनं कडी दाबून ते मोडलं, चांदणी वर आली, ती तिनं कौतुकानं पाहिली. मग मिटवून विचारलं, "बाबा, आजोबांचं ते हेच ना? काकाआजोबांच्या पायाचं?"

हो म्हटलं.

"यात ती पट्टी बसवता येते का?"

येत नाही. या रचनेत जागाच नाही, आणि ज्यानं ते बनवलं तो कारखाना मागवायला आता कुठे आहे? ती म्हणाली, "मग बाबा, मला परवाना हवा असेल तर मी नवं घेईन, पडलं तरी न उडणारं. आणि नको असेल तर काहीच नको. पण हे मी माझ्या घरात ठेवणार नाही. माझा मुलगा सातवीत आहे."

चंद्रपूरच्या एका विक्रेत्याशी बोलून ठेवलं आहे. जुन्याला अजून चांगलं गिऱ्हाईक आहे म्हणतो. घेणाऱ्याला मी एवढंच सांगणार आहे, की घोड्याखालचं घर रिकामं ठेवा, पाचच भरा. अर्ज लिहून झाला आहे. सही तेवढी बाकी आहे.