हरिणीचा वध आणि काळाचा विवेक

शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताचा बाण सुटण्यापूर्वींच तपस्वी त्यास अडवितो, हा प्रसंग आमच्या वाचकांच्या घरीं लहानथोरांस ठाऊक आहे. त्याच संस्कारांत आम्ही वाढलों. म्हणून परदेशांत सरकारच हरिणी मारण्याचा परवाना देतें, असें प्रथम वाचलें तेव्हां आम्हांस संताप आला. पुढें अधिक वाचल्यावर मात्र मत बदलावें लागलें.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार पारधीमुळें पांढऱ्या शेपटीचें हरीण दुर्मिळ झालें होतें. तेव्हां अनेक संस्थानांनीं मादीस अभय देऊन केवळ शिंगाळ्या नराच्या पारधीस मुभा ठेविली. त्या वेळीं तें योग्यच होतें. परंतु लांडग्यांचाही मनुष्यानें संहार केला होता. शिवाय एक नर अनेक माद्यांस पुरतो आणि धष्टपुष्ट मादी बहुधा जुळीं पाडसें देते. कळप वाढले, कोवळीं झाडें खुरटलीं, आणि बर्फाच्या दिवसांत हरणें उपासमारीनें मरूं लागलीं. त्यांतही पाडसें आधीं. कारण उरलेला उंचावरचा पाला मोठ्यांसच पोंचतो. विस्कॉन्सिन संस्थानांत निसर्गसंरक्षण मंडळाचे सभासद आल्डो लिओपोल्ड यांनीं हें ओळखून माद्यांच्या पारधीचा पक्ष घेतला. १९४३ च्या नोव्हेंबरांत ती खुली झाली. त्यावर लोकक्षोभ उसळला आणि पुढील वर्षीं पुनः नरांपुरतीच परवानगी राहिली.

मादी मारावयाचीच तर केव्हां, हा खरा प्रश्न होय. तिकडे उत्तरेस पाडसें मे-जूनच्या सुमारास जन्मतात. ऑक्टोबरपर्यंत दूध सुटून तीं आईवांचून जगूं शकतात. नोव्हेंबर हा माजाचा महिना, आणि गर्भ सुमारें दोनशें दिवस राहतो. ऑक्टोबरांत माद्या कमी केल्यास गर्भवतीचा वध टळतो, नरमाद्यांचें प्रमाण सांवरतें, आणि त्या माद्यांनीं पुढें खाल्ला असता तो पाला मागें राहिलेल्यांस हिवाळ्यांत मिळतो. पाडसेंही तेव्हां आईहून स्पष्टपणें लहान दिसत असल्यानें चूक कमी होते. डिसेंबरांत हेंच केलें तर पाला संपलेला असतो आणि पोटांत गर्भ असतो. तरीही उकाड्यांत मांस नासतें, मोठा नर बुजतो, अशा कारणांनीं अनेक पारधी हें काम लांबणीवर टाकतात. म्हणजे उशीर होतो तो बहुधा स्वतःच्या सोयीसाठीं!

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मृगयेस बंदी आहे, आणि ती उठावी असें आमचें म्हणणें नाहीं. पण गीतेनें सात्त्विक दानास देश, काल व पात्र यांची कसोटी लाविली आहे. दयेसही तीच लावावी. बर्फांत उपाशी मेलेल्या पाडसावर कोणाचा बाण नसतो, म्हणून त्याचें पाप कोणासच लागत नाहीं, असें आम्हांस आतां वाटत नाहीं.